जर-तरचा गूळ

केळापूरजवळचा तांडा,
सप्टेंबर १९६३

तीर्थरूप भीमसिंगमामा नायक यांना,

भाचा रूपसिंगचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी अजून जिवंत आहे, यापलीकडे इकडची खुशाली कळवण्यासारखं काही उरलेलं नाही. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा दमा? पोळ्याला तांबडा बैल लंगडत होता, तो सरळ चालायला लागला का? झरीकडे पाऊस बरा झाल्याचं बाजारात ऐकलं. इकडेही पऱ्हाटी उभी आहे, तूर उभी आहे, ज्वारी उभी आहे, फक्त मीच आडवा झालो आहे. (रामराव, तुम्ही झरीचे पोस्टमन; टपाल पोचवणं हे तुमचं काम आणि मामांना ते वाचून दाखवणं हा तुमचा उपकार, हे मी जाणतो. पण कंसातला मजकूर तुमच्या एकट्यासाठी असतो, तो मनातल्या मनात वाचावा. मागच्या खेपेला तुम्ही कंसासकट सगळं पत्र मोठ्यानं वाचलंत आणि माझ्या पोटाच्या तक्रारीवर मामींच्या तीन मैत्रिणींनी काढे पाठवले.)

मामा, मी इथे शाळामास्तर असलो तरी मॅट्रिकच्या इंग्रजीत नापास होत आलो आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. गणितात मी कधी अडलो नाही, इतिहासात तर राजांनी मला आपलं माणूस मानलं. इंग्रजीतसुद्धा निबंध, पत्र, उतारा असं सगळं मी रेटून नेतो. मी पडतो तो एकाच जागी, जर-तरच्या वाक्यात. आपण कसं, जर म्हटलं, तर म्हटलं, की मोकळे झालो. साहेबाचं तसं नाही. तो आधी विचार करतो की ही गोष्ट घडण्याजोगी आहे का. असेल, तर पहिला प्रकार. त्यात पुढे 'विल' लावायचं. गोष्ट नुसतीच मनातली असेल, घडायचा संभव नसेल, तर दुसरा प्रकार. त्यात गोष्ट उद्याची असली तरी क्रियापदाला भूतकाळाचा सदरा घालायचा आणि पुढे 'वुड' लावायचं. आणि वेळ निघून गेली असेल, हळहळण्यापलीकडे हातात काहीच राहिलं नसेल, तर तिसरा प्रकार. त्यात 'हॅड' आणि 'वुड हॅव' अशी सगळी वरात काढायची. मागच्या पेपरात रिकाम्या जागी क्रियापदाचं योग्य रूप भरा असा प्रश्न होता. मी स्वभावानं आशावादी, म्हणून सगळीकडे 'विल' भरलं. परीक्षक बहुधा संसारी माणूस असावा. त्यानं एकही 'विल' शिल्लक ठेवलं नाही.

यंदा ऑक्टोबरात पुन्हा बसायचं होतं, आणि यंदा पास होण्याला कारणही होतं. ते कारण मी तुमच्यापासून लपवलं, मामा, आणि त्याचं फळ भोगतो आहे. इथले नायक पूनमसिंग, त्यांना जमनी नावाची मुलगी आहे. (रामराव, इथून पुढे जरा हळू वाचा, मामी शेजारी बसल्या असतील.) शाळेच्या विहिरीवर माझी बादली एकदा दोरीतून सुटून आत पडली. जमनीनं गळ टाकून ती काढली, दोरीचा फासा स्वतः घट्ट मारला आणि म्हणाली, "मास्तर, तुमाले फासा मारता येत नाही, अन् पोरायले काय शिकवून राह्यले?" त्या दिवसापासून मी विहिरीवर गरजेपेक्षा जास्त पाणी काढतो. शाळेसमोरची कडुलिंबाची झाडं त्यामुळे फार चांगली वाढली आहेत. गोत्राची अडचण नाही, माणसं चांगली आहेत, तुम्ही येऊन शब्द टाकला असता तर पूनमसिंग नायकांनी नाही म्हटलं नसतं. पण माझ्या डोक्यात पहिल्या प्रकारातलं एक वाक्य बसलं होतं: इफ रूपसिंग पासेस, ही विल सेंड हिज मामा टू पूनमसिंग. (मामाला इंग्रजीत जो शब्द आहे तोच काकालाही लावतात असं कळलं, म्हणून मी मामाच ठेवला.) आधी पास होऊ, मग मामांना बोलावू, मग तोंड उघडू. नापास माणसानं नायकाची मुलगी कोणत्या तोंडानं मागायची, असं मला वाटे. आता वाटतं की कोणत्याही तोंडानं मागायला हवी होती.

तर झालं असं. शाळेचं छप्पर गळतं, म्हणून प्रौढांचा वर्ग मी संध्याकाळी नायकांच्या अंगणात घेतो. वर्ग संपला की तिथेच कंदिलाशी बसून मी माझं इंग्रजी पाठ करी. नायक एकदा म्हणाले, "मास्तर, तोंडातल्या तोंडात काय बोलता? सगळ्यायले ऐकू द्या." मला ते आवडलं. (अंगणाला लागून चूल आहे आणि चुलीपाशी कोण असतं, ते रामराव, तुम्ही ओळखलंच असेल.) मी वाक्य मोठ्यानं म्हणायचं आणि मग त्याचा अर्थ सांगायचा, असा रिवाज पडला. पण मामा, तांड्यातल्या माणसांना अर्थ सांगितला की ती अर्थावर थांबत नाहीत. पाऊस आला तर सामना रद्द होईल, असं एक साधं वाक्य पुस्तकात आहे. कारभारी देवीलाल उठून बसले. "कायचा सामना? अन् रद्द करनारा तो कोन? नायकाले इचारलं काय?" मी पक्षी असतो तर उडालो असतो, हे वाक्य मी सांगितलं तेव्हा चंदाबाई म्हणाली, "उडजो बापा, पन आमच्या जवारीवर नको बसू." आणि बैल मेला तर शेतकरी रडेल, या वाक्याला तर धनीबाईनं मला तिच्या गोठ्यात नेलं, बैलाच्या पाया पडायला लावलं आणि वर त्याला पेंड चारायला लावली. पुस्तक लिहिणाऱ्यानं तांड्यात एक संध्याकाळ काढली असती, तर व्याकरण निम्म्यावर आलं असतं.

यात त्यांचाही दोष नाही. तुम्ही स्वतः नायक आहात, तुम्हाला मी काय सांगू. आपल्या नसाबात चार जाणती माणसं निवाड्याला बसली की सगळं काम जर-तरवरच चालतं. बैल परत केला तर डंड माफ. पुन्हा भांडलास तर तांड्याला जेवण. तिथे जर म्हणजे अट आणि तर म्हणजे बांधिलकी. नायकासमोर बसून कोणी नुसतं मनातलं, न घडणारं बोलतं, हे कोणाच्या कानावरून गेलेलं नाही. हे मला त्याच वेळी उमजायला हवं होतं. पण मी काय केलं, तर माणसं वर्गाला टिकावीत म्हणून बक्षीस लावलं. जो वाक्य बरोबर पुरं करील, त्याला गुळाचा खडा. त्यानंतर अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. (साक्षरतेच्या प्रसाराचं खरं कारण गूळ आहे, हे पंचायत समितीच्या माणसांना कळू देऊ नका.)

अशात भावसिंग आला. हा धनीबाईचा मुलगा, वणीला कोळशाच्या ट्रकवर क्लीनर आहे. आला तो मनगटावर घड्याळ बांधून आणि डोक्याला वासाचं तेल चोपडून. धनीबाई दुसऱ्याच संध्याकाळी अंगणात येऊन जमनीच्या आईला खेटून बसली आणि मुलाच्या पगाराविषयी, कोणी विचारलं नसताना, बोलू लागली. मी खडू हातात घेतला. मनात म्हटलं, या भावसिंगाला दुसऱ्या प्रकारात घालून टाकावं. दुसरा प्रकार म्हणजे जे घडणार नाही ते. पुस्तकात तसं छापलेलं आहे, पुस्तक सरकारमान्य आहे. आणि मी फळ्यावर लिहिलं: इफ भावसिंग मॅरीड जमनी, ही वुड टेक हर टू वणी. लिहून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एक क्रियापद बदललं की माणूस वाटेतून बाजूला होतो, याचा शोध मला प्रथमच लागत होता. मग रिवाजाप्रमाणे अर्थ सांगितला, की भावसिंगानं जमनीशी लग्न केलं, तर तो तिला वणीला नेईल. हे घडणार नाही एवढं दाखवण्यासाठी मी चेहरा हसरा ठेवला होता. कंदिलाच्या उजेडात मास्तरचा चेहरा बघायला कोणी बसलेलं नव्हतं.

मग नायक म्हणाले, "वनीले नेईन तो. पन ठेवीन कोठी?" मला कोण आनंद! इतक्या दिवसांत नायकांनी पहिल्यांदाच माझं वाक्य पुढे न्यायला घेतलं होतं. धनीबाई म्हणाली, "टिनाची खोली हाय ना त्याची." मी लगेच फळ्यावर लिहिलं, 'वुड कीप'. देवीलालनी विचारलं, बैल किती देईन? धनीबाई म्हणाली, जोडी देईन. 'वुड गिव्ह'. जमनीच्या आईनं विचारलं, लग्नाची नवी फेटिया-कांचळी, घागरा अन् चोळी, करीन काय? करीन. 'वुड मेक'. इकडून प्रश्न, तिकडून उत्तर, आणि मामा, एकही रूप चुकत नव्हतं. मी दोन्ही हातांनी सगळ्यांना चढवत होतो, शाब्बास म्हणत होतो, कोणी अडखळलं तर मीच पुढचं सुचवत होतो. कोंबड्यांचं काय, असं मीच विचारलं. (रामराव, हे वाचताना हसू नका. माझी शपथ आहे.) शेवटी नायक समाधानानं म्हणाले, "मास्तर, काढा गूळ." मी सगळाच पुडा उघडला. पहिला खडा नायकांच्या हातावर ठेवला, दुसरा धनीबाईच्या, मग कारभारी, मग सगळं अंगण. बायकांनी गाणं धरलं, तेव्हासुद्धा मला वाटलं की यांना इंग्रजी फारच आवडलं.

मामा, मी गोरमाटी, बंजाऱ्याचा पोर आहे. नायकासमोर बोलणी झाली आणि दोन्हीकडच्यांनी गूळ खाल्ला की सगाई पक्की, हे आपल्यातल्या रांगत्या मुलाला कळतं. मलाही कळतं. पण त्या वेळी मी क्रियापदांकडे बघत होतो. बोलणी मी लावली, देणंघेणं मी ठरवलं, गूळ माझा आणि वाटणारा हातही माझाच. सगाई झाल्यावर देवीलालनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मास्तर, एवढं साजरं तं कोन्या मध्यस्थानंबी जमवलं नसतं." मी खडू खिशात घातला आणि शाळेत येऊन जमिनीवर बसलो. जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली याचीच लाज वाटली.

समजावून पाहिलं नाही असं समजू नका. सकाळी पुस्तक काखेत मारून नायकांकडे गेलो. दुसरा प्रकार म्हणजे काय, हे त्यांना उदाहरणं देऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोस्ट होनार नाही म्हन्ता, तं मंग गूळ कायले वाटला?" मी म्हटलं, तो बक्षिसाचा होता. "तुमी बक्षीस म्हनून देल्ला, आमी सगाई म्हनून खाल्ला. आता पोटातला गूळ कोनाचा, ते नसाब सांगीन." माणूस न्यायी आहे, म्हणून एवढं तरी मान्य केलं. मग भावसिंगाला गाठलं. वाटलं होतं तो छाती काढून बोलेल, तर तोच रडकुंडीला आलेला. "मास्तर, मले कोनं इचारलं? आमच्या याडीनं गूळ तोंडात कोंबला, मी गिळला. टिनाच्या खोलीत आमी क्लीनर लोक पाय मुडपून झोपतो. बायको कोठी ठेवू, छपरावर?" त्याला वाईट वाटलेलं बघून मला त्याचा राग करण्याचीसुद्धा सोय राहिली नाही. आईसमोर तो काही बोलणार नाही, हेही त्यानं स्वच्छ सांगून टाकलं.

जमनी विहिरीवर येते, पण माझ्या बाजूला बघत नाही. बादली भरते, फासा मारते आणि जाते. काल माझी बादली पुन्हा आत पडली (या वेळी मुद्दाम नव्हे, रामराव, देवाशपथ) आणि ती अजून आतच आहे. मी मागून आणलेलं पाणी पेल्यानं पितो, कडुलिंबाची झाडं सुकायला लागली आहेत. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पडल्या पडल्या एकच वाक्य तोंडात येतं: इफ रूपसिंग हॅड स्पोकन, ही वुड हॅव मॅरीड जमनी. तिसरा प्रकार, मामा. या एका प्रकारानं आजवर मला रडवलं, आणि परवा तो न बघता, न अडखळता, 'हॅड' आणि 'वुड हॅव' सगळं जागच्या जागी घेऊन तोंडातून बाहेर पडला. मला खूप दुःख होतं आहे. यापेक्षा जास्त चांगल्या भाषेत ते मला सांगता येत नाही.

आता विनंती अशी. नसाब ऑक्टोबरातल्या पहिल्या बाजाराच्या दिवशी बसतो आहे, कारण त्या दिवशी कोणी शेतावर जात नाही. आणि माझं नशीब बघा, यवतमाळला माझा इंग्रजीचा पेपर त्याच दिवशी आहे. तुम्ही बाहेरच्या तांड्याचे नायक, तुमच्या शब्दाला इथे मान आहे. तेव्हा तुम्ही कृपा करून माझ्या जागी नसाबात बसा आणि मास्तरांचं वाक्य दुसऱ्या प्रकारातलं होतं, सबब त्यावर खाल्लेला गूळ मोजू नये, एवढं पटवून द्या. प्रकारांची माहिती वर दिलीच आहे, रामराव तुमच्याकडून ती पाठ करून घेतील. तोवर मी यवतमाळला पेपर देऊन येतो. पास झालो, तर पुढचं बोलता येईल.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. दोरीला फासा मारण्याची तुमची रीत कोणती, हेही सवडीनं कळवा.

तुमचा दुर्दैवी भाचा,
रूपसिंग

ता. क. पत्र डकवायचं राहिलं होतं, तेवढ्यात जमनी शाळेत आली. मुलं घरी गेली होती. तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि टेबलावर गुळाचा खडा ठेवला. त्याला मुंग्या लागल्या होत्या. म्हणाली, "हा तुमचा हाय. सगळ्यायनं खाल्ला, म्या नाही खाल्ला. मले कोनं इचारलं?" मी उठून उभा राहिलो. म्हटलं, जमनी, जर मी पास झालो... तिनं मला पुढे बोलूच दिलं नाही. "पास होसान तं होसान. तुमाले लय शब्द येतात, मास्तर. नसाबात एक सरळ बोलता येते काय, ते पाहा. नाही तं गप ऱ्हा, मी वनीले जातो." आणि गेली. जाताना विहिरीतून माझी बादली काढून दारात ठेवून गेली. फासा घट्ट मारलेला आहे.

ता. क. दुसरं. वरची विनंती रद्द समजावी. दुसऱ्या प्रकाराबद्दल नसाबात अक्षरही बोलू नका, आणि पाठ केलं असेल तर विसरून जा. यवतमाळला मी जात नाही. पेपर मार्चमध्ये पुन्हा येईल; इतकी वर्षं तो मला सोडून कुठे गेला नाही. नसाबात मीच उभा राहणार आहे. मला जमनीशी लग्न करायचं आहे, एवढंच म्हणायचं आहे. मघापासून रिकाम्या वर्गात मोठ्यानं म्हणून बघतो आहे. वाक्य लहान आहे, यात कुठलंही रूप निवडायचं नाही, तरी दर खेपेला 'मला'पाशीच अडतो आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणतो.

ता. क. तिसरं. (रामराव, हे मात्र कंस काढून, मामींनाही ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचा.) नायकांनी तंबी दिली आहे, त्यामुळे तांड्यातली दुकानवाली बसंतीबाई मला गूळ विकत नाही, मास्तरच्या हाती गूळ गेला की कोणाचं तरी लग्न लागतं, असं ती गिऱ्हाइकांना सांगते. तेव्हा मामा, गुडघा दुखत असला तरी या. मामींनाही आणा. वाटेत पांढरकवड्याच्या बाजारातून गुळाची एक भेली घ्या आणि ती माझ्या हाती न देता तुमच्याच मांडीवर धरून बसा. नसाबानं जर नाही म्हटलं तर, असं एक वाक्य इथे लिहायला घेतलं होतं. ते खोडलं आहे. भेली मोठी आणा.